भिंत दोघांची, खर्च निम्मा-निम्मा

स्मरणिका समितीच्या मुलांनी मला सांगितलं, "काका, तुम्ही पहिल्या दिवसापासून आहात, जुन्या आठवणी लिहा." आठवणी पुष्कळ आहेत. पण पाण्याच्या टाकीची, पहिल्या गणपतीची आणि लिफ्ट बंद पडल्याची आठवण बाकीचे सभासद माझ्यापेक्षा चांगली लिहितील. मी जन्मभर बँकेत कागद तपासले. म्हणून कागदाशी जोडलेल्या एका जुन्या विषयावर लिहितो. विषय आहे भिंत. दोन घरांमधली, दोघांची असलेली किंवा दोघांपैकी कोणाचीच नसलेली भिंत.

विषय सुचायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. आपल्या पूर्वेकडचा जुना बंगला पाडला आहे आणि तिथे तळघरासकट मोठी इमारत होणार आहे. मागच्या विशेष सभेत सव्वा तास आपण एकाच प्रश्नावर भांडलो: कंपाउंडची भिंत कोणाची? कोणी म्हणालं त्यांची, कोणी म्हणालं आपली, आणि एकजण म्हणाले, "पडल्यावर बघू." मला ते शेवटचं वाक्य लागलं. का लागलं, ते पुढे सांगतो. आधी गावाकडे जाऊ.

पोशेऱ्याचा कूड

माझं मूळ गाव मोखाडा तालुक्यातलं पोशेरा. आपल्या सोसायटीत जव्हार-मोखाड्याकडची आणखीही काही कुटुंबं आहेत, त्यांना आमच्याकडची घरं सांगायला नकोत. लाकडाच्या मेढी, वर कौलं आणि भिंतीच्या जागी कारवीच्या काठ्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी शेणामातीनं लिंपलेला. आजोबांच्या पश्चात घराच्या वाटण्या झाल्या. अर्धं घर वडिलांना, अर्धं चुलत्यांना. मधोमध एक कूड उभा राहिला. जेमतेम तीन बोटं जाडीचा. आम्ही पोरं त्या कुडाला भोक पाडून पलीकडे काय शिजतंय ते बघायचो.

मी बँकेत लागलो त्याच्या आसपास चुलत्यांनी ठरवलं, आता विटांची भिंत घालायची. नऊ इंची. आता हिशेब करा. तीन इंचांच्या कुडाच्या जागी नऊ इंचांची भिंत, म्हणजे सहा इंच जागा जास्त लागणार. ती कोणाच्या घरातून? वडील म्हणाले, "तुला भिंत पाहिजे, तुझ्या बाजूला घाल." चुलते म्हणाले, "भिंत दोघांना, मग जागा एकट्याची का?" सहा इंचांवरून दोन सख्खे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. त्यात पागोळ्यांचं भांडण वेगळं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे काय ते तिकडच्यांनाच ठाऊक. यांच्या वळचणीचं पाणी त्यांच्या ओट्यावर पडायचं आणि त्यावरून आषाढ-श्रावण दोन्ही चुलींना तोंड लागलेलं असायचं.

शेवटी आजीनं तोडगा काढला. कुडाच्या मध्यावर दोरी धरायला लावली. म्हणाली, "दोरीच्या इकडे साडेचार इंच, तिकडे साडेचार इंच. खर्च निम्मा-निम्मा. आणि दोघांनी आपापल्या पाण्याला पन्हळ लावायचं." वडिलांकडे तेव्हा पैसे नव्हते. चुलत्यांनी भिंत घातली आणि वडिलांनी आपला निम्मा वाटा दोन वर्षांत फेडला. बिनव्याजी, हे सांगायला पाहिजे.

आजीला सही करता येत नव्हती. पण तिनं दिलेला निवाडा जगातल्या एका मोठ्या शहराच्या कायद्यात आठशे वर्षांपूर्वीच लिहिलेला होता, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं आणि मी थक्क झालो.

लंडनचा दीड फूट

ते शहर लंडन. तिथला पहिला महापौर हेन्री फिट्झअॅल्विन. त्याच्या काळातला, परंपरेनं ११८९ सालचा समजला जाणारा, इमारतींबाबतचा एक नियमसंग्रह आहे. त्यात लिहिलंय की दोन शेजाऱ्यांना मध्ये दगडी भिंत घालायची असेल तर प्रत्येकानं आपल्या जागेतून दीड-दीड फूट द्यावा आणि दोघांच्या खर्चानं तीन फूट जाडीची, सोळा फूट उंचीची भिंत उभी करावी. एखाद्याची ऐपत नसेल तर? त्यानं तीन फूट जागा द्यायची, दुसऱ्यानं स्वतःच्या पैशानं भिंत बांधायची आणि तरी भिंत निम्मी-निम्मी. म्हणजे एकाची जमीन, एकाचे पैसे, मालकी दोघांची. बँकेच्या भाषेत सांगायचं तर जागा हेच त्याचं भांडवल. पावसाचं पाणी कुठे सोडायचं, शौचकूप शेजाऱ्याच्या हद्दीपासून किती लांब पाहिजे, हेही त्यात होतं. तंटा झाला तर निवडलेली बारा माणसं महापौरासमोर निकाल करत, आणि जागेवर जाऊन पाहणी होई.

हे सगळं का करावं लागलं? आगीमुळे. लाकडी घरं, गवताची छपरं. एक पेटलं की आळी पेटे. १२१२ च्या मोठ्या आगीनंतर तिथे गवताच्या छपरावर बंदी आली. पण नियम लिहिणं वेगळं आणि पाळणं वेगळं. सप्टेंबर १६६६ मध्ये एका बेकरीत लागलेली आग चार-पाच दिवस चालली आणि तेरा हजारांवर घरं जळाली. त्यानंतर जो पुनर्बांधणीचा कायदा झाला त्यात घरांचे चार प्रकार ठरवले, बांधकाम विटांचं किंवा दगडाचंच असं बंधन घातलं आणि कोणत्या मजल्याला भिंत किती विटांची जाड हवी ते आकड्यांत लिहिलं.

त्यातलं एक कलम वाचून माझ्यातला बँकवाला खूश झाला. सामाईक भिंत दोघांच्या जमिनीवर सारखी घ्यायची. ज्याचं घर आधी होईल त्यानं ती बांधायची. दुसरा जेव्हा बांधायला येईल तेव्हा पहिल्याला निम्मा खर्च द्यायचा, आणि तोही दरसाल दर शेकडा ६ टक्के व्याजासह! व्याज धरायचं पहिल्यानं बांधकाम सुरू केल्यापासून. ते चुकवल्याशिवाय दुसऱ्याला त्या भिंतीला हात लावता येणार नाही. माझ्या चुलत्यांना हे माहीत नव्हतं ते बरं झालं.

पुढे १७०७ आणि १७०९ च्या कायद्यांनी लाकडी कंगोरे बंद केले, खिडक्या भिंतीत आत सारायला लावल्या. १७७४ च्या कायद्यानं घरांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गाला भिंतीची जाडी ठरवली. ही सगळी लंडन शहराची गोष्ट. बहुतेक इतर ठिकाणी लोक जुन्या न्यायनिवाड्यांवर चालत. सबंध इंग्लंड आणि वेल्सला लागू होणारा सामाईक भिंतीचा कायदा १९९६ साली झाला आणि १ जुलै १९९७ पासून अमलात आला.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस. शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी. शेजाऱ्यानं चौदा दिवसांत होकार दिला नाही, तर तंटा आहे असं धरायचं आणि दोघांनी मिळून एक किंवा प्रत्येकी एक सर्व्हेअर नेमायचा. त्यानं काम कसं, कोणत्या वेळेत करायचं ते लेखी निवाड्यात ठरवून द्यायचं. शेजारी काम अडवू शकत नाही, पण काम करणाराही मनमानी करू शकत नाही. नुकसान झालं तर भरपाई. खणण्याआधी शेजाऱ्याच्या घराच्या भिंतींची, तड्यांची नोंद करून ठेवण्याचा तिथे रिवाज आहे. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, तिचं आपल्याला काम पडणार आहे.

आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडे काहीच नव्हतं असं कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घरांबद्दलचा भाग आहे. दोन घरांत किती अंतर ठेवावं, छपरं एकमेकांपासून चार अंगुळं दूर असावीत किंवा एकावर एक यावीत, खिडकी उंचावर असावी, असं त्यात बारकाईनं दिलंय. आणि शेवटी म्हटलंय की घरमालकांनी आपसांत ठरवून हवं तसं बांधावं, फक्त जे त्रासाचं ते टाळावं. आजीच्या पन्हळाचा मामला दोन हजार वर्षांचा आहे म्हणायचा!

इंग्रजी अमलात मुंबईनं लंडनसारखाच धडा आगीतून घेतला. १८०३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटात मोठी आग लागली, दाट वस्तीचा फार मोठा भाग जळाला आणि वस्ती कोटाबाहेर सरकायला लागली. दुसरा धडा रोगानं दिला. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पाठीला पाठ लावून बांधलेल्या, उजेड-वारा नसलेल्या चाळींतून माणसं पटापट मेली. त्यातून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला. सोप्या भाषेत, इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर सोडा, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाश दिसेल. आज आपण 'साइड मार्जिन' म्हणून जी जागा सोडतो आणि तिथे स्कूटर लावतो, तिच्या मुळाशी हा असा उजेडाचा आणि प्लेगचा इतिहास आहे. लंडनच्या कायद्याचा जीव भिंतीच्या जाडीत होता, आपल्याकडच्या कायद्याचा जीव दोन भिंतींमधल्या मोकळ्या जागेत गेला.

भिंतीचं मात्र राहून गेलं. आपल्याकडे सामाईक भिंतीचा स्वतंत्र कायदा आजही नाही. कोर्टं सहमालकीची तत्त्वं लावतात आणि १८८० सालचा इंग्लंडमधला वॉटसन विरुद्ध ग्रे हा निवाडा आपल्याकडेही आधाराला घेतला जातो. त्यात सामाईक भिंतीचे चार अर्थ सांगितलेत. भिंत दोघांची अविभक्त असू शकते. भिंतीचे मधोमध उभे दोन भाग धरून एकेक भाग एकेकाचा असू शकतो. सबंध भिंत एकाची आणि दुसऱ्याला तिच्या वापराचा हक्क, असं असू शकतं. किंवा दोन भाग वेगवेगळे, पण प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागाचा आधार घेण्याचा हक्क. चारातलं कोणतं, ते कागदावरून आणि वहिवाटीवरून ठरतं.

जोडीला १८८२ चा ईझमेंटचा, म्हणजे सुविधाधिकाराचा कायदा आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ पासून लागू झाला. मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात ब्रिटिश अमलाखाली होता. शेजारचं जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान, ते १९४८ साली विलीन झालं. त्यामुळे एकाच डोंगरावरच्या दोन गावांना दोन राज्यांचे कायदे, असा आमच्याकडचा प्रकार होता. कुडाचं भांडण मात्र दोन्हीकडे सारखंच.

या कायद्याचं १५ वं कलम सभासदांनी जरूर समजून घ्यावं. इमारतीला मिळणारा उजेड आणि वारा, तसंच शेजारच्या जमिनीचा इमारतीला मिळणारा आधार, हे शांतपणे आणि विनाखंड २० वर्षं मिळाले असतील तर तो हक्क पक्का होतो. आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. म्हणजे रौप्यमहोत्सव नुसता हार-तुऱ्यांचा नाही, कायद्याच्या हिशेबानंही महत्त्वाचा आहे. मात्र हक्क आपोआप खिशात पडत नाही. तो कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि ती २० वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. अडथळा झालेला कळूनही वर्षभर मुकाट्यानं सोसला तर खंड पडला असं धरलं जातं. गप्प बसण्याची किंमत कायद्यानं एक वर्ष ठरवली आहे.

एक कर्जप्रकरण

आता "पडल्यावर बघू" मला का लागलं ते. आमच्या बँकेत घर तारण घेताना चतुःसीमा लिहीत. पूर्वेस अमुक यांचं घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस 'सामाईक भिंत व त्यापलीकडे तमुक यांचं घर'. नोकरीत असे शेकडो दस्त मी वाचले. नाशिकच्या जुन्या भागात बहुतेक वाडे असेच, खांद्याला खांदा लावून उभे.

अशाच एका वाड्याच्या मालकानं वाडा पाडून नवीन बांधण्यासाठी कर्ज मागितलं. मालकी साफ, नकाशा मंजूर, उत्पन्न व्यवस्थित. मी शिफारस केली, कर्ज मंजूर झालं. दस्तात 'सामाईक भिंत' हे दोन शब्द होते. मी ते वाचले आणि पुढे गेलो. त्यानं आपला वाडा उन्हाळ्यात पाडला. शेजारच्या वाड्याची भिंत, जी दोनशे वर्षं कधी उघड्यावर आली नव्हती, ती आतल्या कच्च्या विटा आणि माती दाखवत उघडी पडली. पाऊस सुरू झाला. जुलैत एका रात्री ती भिंत खाली आली. त्या बाजूला एका बाईंचं स्वयंपाकघर होतं. सुदैवानं त्या माजघरात झोपल्या होत्या. भांडीकुंडी, देवघर, सगळं मातीखाली गेलं. त्या बँकेत आल्या. माझ्यासमोर बसून एवढंच म्हणाल्या, "साहेब, माझी भिंत तुमच्या कागदात होती ना?"

माझी नोकरी साफ राहिली, कारण नियमानं माझं काही चुकलं नव्हतं. कर्जही फिटलं. पण एक प्लास्टिकचा कागद आणि चार टेकू लावायला सांगण्याची अट मला मंजुरीपत्रात घालता आली असती. त्यानंतर मी घातलीही, निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अशा प्रकरणात. त्या बाईंना त्याचा उपयोग नव्हता.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माणाची सुरुवात मुंबईत गावदेवीला झाली, १९१५ साली, रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकारानं सारस्वत सोसायटीची नोंदणी झाली तेव्हा. मला त्यातलं मोठेपण असं वाटतं की सोसायटी झाली की आतल्या भिंतीचं 'माझी की तुझी' हे भांडणच बदलतं. इमारतीचा सांगाडा सगळ्यांचा होतो. उरतो तो खर्चाचा प्रश्न, आणि तोही उपविधींनी ढोबळमानानं सोडवला आहे. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपलं तर दुरुस्ती सोसायटीची, घरातल्या न्हाणीघर-मोरीतून गळलं तर त्या सभासदाची. तरी दर पावसाळ्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचं बोलणं बंद होतं, ते वेगळं!

पण सोसायटीच्या बाहेरच्या हद्दीवर आपण पुन्हा माझ्या वडील-चुलत्यांच्या जागी असतो. तिथे मला चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, कागद. आपल्या जमिनीचं अभिहस्तांतरण, ज्याला आपण कन्व्हेयन्स म्हणतो, अजून अर्जावर आहे. २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे. मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव नसेल तर हद्दीवर बोलताना आपला आवाज अर्धा होतो. त्याचबरोबर मोजणी करून घ्यावी, म्हणजे आजीची दोरी सरकारी शिक्क्यासह हातात येईल.

दुसरी, नोंद. पलीकडे खणायला लागण्याआधी आपल्या पूर्वेकडच्या प्रत्येक भिंतीचे, खांबांचे आणि आज असलेल्या तड्यांचे तारखेसह फोटो काढावेत, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी पाहणी करून घ्यावी. हा खर्च मोठा नाही. तडा पडल्यानंतर "हा जुनाच आहे" या एका वाक्याला दुसरं उत्तर नसतं. शिवाय तीस वर्षं झालेल्या इमारतींना महापालिका कायद्यानुसार स्थैर्याची तपासणी करावीच लागते. पाच वर्षांनी करायची ती आताच सुरू होईल.

तिसरी, बोलणं. नोटीस पाठवायच्या आधी त्यांना चहाला बोलवावं. इंग्लंडच्या कायद्यानं जी नोटीस, सर्व्हेअर आणि निवाडा सक्तीचा केला, ते आपण दोन्ही बाजूंच्या संमतीनं साध्या लेखी करारात आणू शकतो. खोदकामाला आधार कसा देणार, कामाच्या वेळा काय, नुकसान झालं तर कोण कधी दुरुस्त करणार, भिंत नवी घालायची तर जागा आणि खर्च कसा वाटायचा. कौटिल्यानं परवानगी दिलेलीच आहे.

चौथी, गप्प न बसणं. करार मोडला तर लगेच लेखी हरकत घ्यावी, तारीख घालून, पोच घेऊन.

पोशेऱ्याची ती नऊ इंची भिंत अजून उभी आहे. वडील गेले, चुलते गेले. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा चुलतभावानं त्याच्या बाजूला रंग काढला होता. मी विचारलं, "आमच्या बाजूचं काय?" तो म्हणाला, "दादा, रंग माझ्या पैशानं आणला. तुझ्या बाजूचे निम्मे दे, उद्या मारून टाकतो." मी दिले. व्याज मागितलं नाही त्यानं.

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबियांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. पूर्वेकडच्या भिंतीचे फोटो काढायला कोणी तरुण मंडळी येणार असतील तर मी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता वही आणि टेप घेऊन गेटजवळ उभा असेन.